पाणी मुरते की नाही

घरामागच्या उतारावरच्या रिकाम्या तुकड्यात लिंबाची बाग लावायची की तळे खोदायचे, यावरून नाना आणि माई यांचे इतके दिवस वाजत होते, की एव्हाना अंगणातल्या कोंबड्यांनाही दोन्ही बाजूंचे मुद्दे पाठ झाले असावेत. तुकडा लहान. दोन्ही मावणार नव्हते.

नानांना बाग हवी होती. त्यांची उभी हयात बस चालवण्यात गेली होती. झाडे त्यांनी जन्मभर पाहिली, पण सगळी मागे पळणारी. आता एका जागी उभी राहणारी झाडे त्यांना हवी होती आणि त्यांच्या सावलीत एक खुर्ची. माईंना तळे हवे होते. कशाला, ते त्यांनी कधी धड सांगितले नव्हते. विचारले की, "हवंय म्हणजे हवंय," एवढेच उत्तर मिळे आणि मागोमाग स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज जरा जास्तच येई.

शेवटी दोघांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. सिंचन खात्यातून माती आणि पाणी तपासणारे माणूस बोलवायचे आणि जमीन काय म्हणेल ते मुकाट्याने मान्य करायचे. पाणी झटपट मुरत असेल तर बाग, मुरत नसेल तर तळे.

"मागाहून कुरकुर चालणार नाही," नाना म्हणाले.

"ते तुम्ही स्वतःला सांगा," माई म्हणाल्या.

माणूस म्हणून आली ती एक तरतरीत मुलगी. नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता आणि हे तिचे एकटीने करायचे पहिलेच काम होते. त्यामुळे ती कोंबड्यांशीही अधिकारवाणीने बोलत होती. तिने शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणची माती घमेल्यात गोळा केली, ओली करून बोटांत मळून पाहिली आणि "हं" म्हणाली. हे "हं" बागेच्या बाजूचे की तळ्याच्या, हे नानांना कळेना. मग तिने गाडीतून दोन लोखंडी रिंगा काढल्या. एक मोठी, एक लहान. मोठीच्या आत लहान ठेवून दोन्ही हातोड्याने जमिनीत रोवल्या आणि दोन्हींत विहिरीचे पाणी भरले.

"बाहेरच्या रिंगेतलं पाणी आजूबाजूची माती भिजवतं," ती समजावू लागली. "म्हणजे आतल्या रिंगेतलं पाणी इकडेतिकडे न पळता सरळ खाली जातं. ते किती वेळात किती उतरतं, ते या पट्टीवर बघायचं. तेवढ्यात मी विहिरीच्या पाण्याचा नमुना घेते. इथं कुणीतरी बसा. कोंबड्या पाणी प्यायल्या तर सगळं मुसळ केरात."

"मी बसते," माई इतक्या तत्परतेने म्हणाल्या, की नानांना तेव्हाच शंका यायला हवी होती. पण त्यांना पंप दाखवायला मुलीबरोबर जावे लागले. मुलीने पंप सुरू करून पाणी बराच वेळ नुसतेच वाहू दिले. पाइपातले शिळे पाणी निघून गेल्याशिवाय बाटली भरायची नसते, असे तिचे म्हणणे पडले. नानांना ते पटले. बस सुरू केल्यावर तेही इंजिन जरा वेळ नुसते घुरघुरू देत असत.

परत येऊन मुलीने पट्टी पाहिली आणि भुवया उंचावल्या.

"कमाल आहे. केसभरही उतरलं नाही."

"मग?" माईंनी विचारले. त्यांचा चेहरा इतका निरागस होता की फोटो काढून भिंतीवर लावावा.

"मग काय काकू, तळ्याला एकदम झकास. पण अजून थोडा वेळ बघू या."

नानांच्या डोळ्यांसमोरून लिंबाची अख्खी बाग मागे पळत गेली, थेट बसच्या खिडकीतून जायची तशी. "आता मी बसतो," ते म्हणाले. "तू चहा टाक."

माई चहाला गेल्या, मुलगी दुसऱ्या कोपऱ्यातली माती घ्यायला गेली आणि नाना रिंगेजवळ उकिडवे बसून पाण्याकडे टक लावून पाहू लागले. पाणी शांत होते. त्या शांतपणाचा नानांना संताप आला. माई चहाचा कप देऊन गेल्या. नानांनी चहा तीन घोटांत संपवला आणि रिकाम्या कपाकडे पाहिले. मग पाण्याकडे पाहिले. इतकी वर्षे त्यांनी एकही सिग्नल तोडला नव्हता, पण आज प्रश्न बागेचा होता. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून त्यांनी कप बुडवला आणि पाणी बांधापलीकडे फेकले. मग आणखी एक कप. मग, कमी दिसायला नको म्हणून, आणखी काही.

मुलगी आली, वाकली आणि खाली बसलीच.

"अगं बाई! एवढ्या वेळात अर्धी रिंग रिकामी? खाली वाळू आहे की काय?"

"असेल," नाना म्हणाले. "लिंबाला वाळू मानवते म्हणतात."

मागून कपबशा न्यायला आलेल्या माईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी नानांकडे पाहिले, रिंगेकडे पाहिले आणि पदर खोचला. "तुम्ही दोघं जरा घरात बसा. ऊन फार आहे. मी बघते इथलं."

घरात मुलगी चहा पीत आकडे जुळवत होती आणि ते काही केल्या जुळत नव्हते. नाना समोर बसून खुर्ची बागेत कुठे ठेवायची याचा विचार करत होते. वाळूचे प्रकरण मनासारखे जमले होते. थोड्या वेळाने दोघे परत गेले. मुलीने पट्टी पाहिली. डोळे चोळले. पुन्हा पाहिली. रिंगेच्या आतल्या बाजूला सुरुवातीच्या पाण्याची खूण तिने खडूने केली होती, आणि पाणी त्या खुणेच्याही वर आले होते.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "पाणी वर चढलंय."

नानांच्या अंगावर काटा आला. मुलीला फक्त एवढेच ठाऊक होते की पाणी वर चढले आहे. नानांना मात्र हेही ठाऊक होते की त्यांनी स्वतःच्या हातांनी कपांमागून कप पाणी काढून टाकले होते. तरीही ते चढले होते! या जमिनीत काहीतरी होते. माईंकडे पाहावे तर त्याही पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "मगाशी एवढं खाली कसं गेलं होतं हो?" त्या पुटपुटल्या. नानांना वाटले, बिचारी घाबरली आहे.

मुलीने लगेच खात्यातल्या आपल्या साहेबांना फोन लावला. "साहेब, इथं खालून पाणी येतंय. हो, रिंगेत. नाही साहेब, मी बरी आहे."

तिचा आवाज कुंपणापलीकडे गेला आणि तिथून लगेच एक टोपी वर आली. टोपीखाली शेजारी होते. गावात कुणी भिंत बांधो, झाड तोडो की घराला रंग देवो, त्यांची हरकत ठरलेली. म्हणून तोंडावर सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि पाठ वळली की हरकतराव.

"काय म्हणालात, झरा लागला?" कुंपण ओलांडत हरकतराव म्हणाले. "तो माझ्या विहिरीचा झरा आहे. गेले काही दिवस माझी विहीर उतरतेय, ती का ते आज कळलं. नाना, माझी याला सक्त हरकत आहे."

"अहो, आम्ही काय तो बोलावून आणलाय?" नाना म्हणाले.

"बोलावलात की आपसूक आला, त्याची चौकशी होईल."

थोड्याच वेळात साहेब आले. केस पिकलेले, चष्मा दोरीला अडकवलेला, पाण्यात मुरलेला माणूस. त्यांनी रिंगेभोवती एक फेरी मारली, गुडघे टेकले, पाण्यात बोट बुडवले आणि ते जिभेला लावले. सगळ्यांनी श्वास रोखला. मग साहेबांनी मुलीने विहिरीतून भरलेल्या बाटलीत बोट बुडवले आणि तेही जिभेला लावले.

"तीच चव," साहेब गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे विहिरीचाच झरा इथं वर आलाय."

"बघा!" हरकतराव ओरडले. "विहिरीचा झरा! साहेबांनी चव घेऊन सांगितलंय!"

रिंगेत पाणी विहिरीचेच भरले होते, मग चव दुसरी कुठली लागणार, हे त्या घटकेला कुणाच्याही डोक्यात आले नाही. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या गंभीरपणे बोट चाखल्यावर डोके चालवायला जागाच उरत नाही.

साहेब उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "नाना, हे प्रकरण साधं नाही. वरून भूजलवाल्यांना बोलवावं लागेल. खोदून बघावं लागेल. तोपर्यंत या तुकड्याला हात लावायचा नाही."

"म्हणजे बाग?"

"छे, छे. मुळं झऱ्यात जातील."

"आणि तळं?" माईंनी विचारले.

"तळं तर अजिबात नाही. सगळ्या बाजूंनी कुंपण घालून टाकू."

"किती दिवस?"

"आता ते काय सांगणार? फाइल फिरली की वर्षं जातात."

"आणि यांची विहीरही बंद ठेवा," हरकतराव म्हणाले. "तोवर माझी हरकत नोंदवून घ्या."

नानांनी आपल्या तुकड्याकडे पाहिले. तिथे ना बाग दिसत होती ना तळे. दिसत होते फक्त काटेरी तारांचे कुंपण, आणि त्याच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेले आपण. आणि माई? माईंचे डोळे भरून आले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात माईंना त्यांनी रागावलेले पुष्कळदा पाहिले होते, पण रडताना फार थोड्या वेळा. त्यांना एकदम स्वतःची लाज वाटली.

"साहेब, एक सांगायचं होतं," नाना म्हणाले.

"साहेब, मला काहीतरी सांगायचंय," त्याच वेळी माई म्हणाल्या.

"तू थांब गं, मी सांगतो."

"नाही हो, चूक माझी आहे. मी त्यात पाणी ओतलं."

"तू ओतलंस? अगं, मी तर कपाने काढलं!"

"तुम्ही काढलंत? तरीच! मला वाटलं, जमिनीला भोक पडलंय. म्हणून घाबरून अख्खी कळशी ओतली."

साहेबांनी आपल्या बोटाकडे पाहिले. मुलगी कानापर्यंत लाल झाली. "साहेब, सॉरी. माझ्या लक्षात यायला हवं होतं," ती म्हणाली.

"तुझं काय घेऊन बसलीस?" साहेब म्हणाले. "मी चव घेतली!" आणि ते इतके खदखदून हसले की चष्मा दोरीसकट पोटावर नाचू लागला. मग मुलगी हसली, मग माई डोळे पुसतापुसता हसल्या. नानांना वाटले होते की आता चांगली खरडपट्टी निघणार, पण कुणीच काही बोलेना, तेव्हा तेही हसले.

फक्त हरकतराव गंभीर होते. "म्हणजे झरा नाही?"

"नाही."

"माझी याला हरकत आहे," असे म्हणून ते कुंपण ओलांडून निघून गेले.

साहेबही गाडीत बसले. जाताना मुलीला म्हणाले, "तपासणी पुन्हा कर. आणि या दोघांवर लक्ष ठेव."

मुलीने रिंगा पलीकडे कोरड्या जागी नव्याने रोवल्या, पाणी भरले आणि शाळेतल्या बाईंच्या आवाजात हुकूम सोडला. "काका इकडे, काकू तिकडे. हात हातात धरून बसायचं. सोडायचा नाही. मला मातीचे आणखी नमुने घ्यायचेत. मी तिथून बघतेय."

दोघे रिंगेच्या दोन बाजूंना बसले. पाण्यावरून नानांचा उजवा हात माईंच्या डाव्या हातात गेला. असे हात धरून बसायची वेळ आली तेव्हा दोघांनाही उगीचच अवघडल्यासारखे झाले. खाली पाणी हळूहळू उतरू लागले होते.

"तुला तळं कशाला हवंय, ते सांग ना एकदा," नाना म्हणाले.

रिंगेतल्या पाण्याकडे बघत माई म्हणाल्या, "काठावर बसून पाण्यात पाय सोडायचे. दोघांनी. लग्न झाल्यावर तुम्ही म्हणाला होतात, सुटी मिळाली की कुठंतरी पाण्याकाठी जाऊ. मग तुमची बस, तुमच्या जादा फेऱ्या. राहून गेलं. म्हटलं, आपण पाण्याकाठी जात नाही, तर पाणीच दाराशी आणावं."

नानांना ते बोलणे आठवत होते. त्यांना वाटायचे, माई विसरल्या असतील. इतके वाईट त्यांना कित्येक वर्षांत वाटले नव्हते.

त्यांनी रिंगेत पाहिले. पाणी चांगलेच उतरले होते. आता पट्टी न बघताही कळत होते की माती पाणी पीत आहे. जमीन बागेच्या बाजूने बोलत होती. नाना जिंकत होते आणि त्यांना त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता. त्यांच्या डाव्या खांद्यावर पंचा होता. त्यांनी तो अलगद ओढला, बाहेरच्या रिंगेत बुडवला आणि तोंड दुसरीकडे वळवून आतल्या रिंगेत पिळला. पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला. पाणी थोडे वर आले. नानांना बरे वाटले.

थोड्या वेळाने पाहतात तर पाणी पुन्हा खाली. त्यांनी पंचा पुन्हा बुडवला. पाणी पुन्हा खाली! ही माती होती की बकासुर? तेवढ्यात त्यांना बारीकसा आवाज ऐकू आला. बुडुक. त्यांनी मान वळवली. माईंच्या उजव्या हातात नानांचा मघाचाच चहाचा कप होता, आणि तो आतल्या रिंगेतून निघून बाहेरच्या रिंगेत रिकामा होत होता.

"काय करतेस?"

"तुम्ही काय करताय?" नानांच्या हातातल्या ओल्या पंच्याकडे पाहत माई म्हणाल्या.

"अगं, मी तुझ्या तळ्यासाठी—"

"आणि मी तुमच्या बागेसाठी! जन्मभर उन्हात बस चालवलीत, म्हटलं बसू दे सावलीत."

"मला नको बाग."

"मला नको तळं!"

"काका! काकू!" शेताच्या दुसऱ्या टोकावरून मुलगी हातातले घमेले टाकून धावत आली. "अहो, तुम्ही पुन्हा?"

"ही बघ कशी लबाडी करतेय!" नाना म्हणाले.

"आधी यांनी सुरू केलं!" माई म्हणाल्या.

मुलीने कप घेतला, पंचा घेतला आणि दोघांना दंडाला धरून घरात नेऊन बाहेरून कडी लावली. रिंगा पुन्हा भरल्या आणि स्वतःच मांडी घालून समोर बसली. कोंबड्यांनाही जवळ फिरकू दिले नाही.

नाना आणि माई मागच्या खिडकीशी उभे राहिले. दोघांनी गज घट्ट धरले होते.

"मुरायला नको," नाना पुटपुटले.

"मुरू दे, मुरू दे," माई पुटपुटत होत्या.

मुलगी पट्टी पाहायची, कागदावर लिहायची, पुन्हा पाहायची. उन्हे कलली. शेवटी ती उठली, कपडे झटकले आणि खिडकीकडे तोंड करून ओरडली, "मुरतं! छान मुरतं! माती मऊ, विहिरीचं पाणीही गोडं. लिंबाला याच्यापेक्षा चांगली जमीन मिळणार नाही."

"बघा! जिंकले की नाही?" माईंनी टाळी वाजवली.

"तू कशी जिंकलीस? बाग माझी होती."

"होती. आता माझी आहे."

कडी निघाली तसे नाना बाहेर पडले आणि थेट शेतात गेले. माई आणि मुलगी त्यांच्या मागे. नाना उताराच्या वरच्या कडेला थांबले, इकडेतिकडे पाहिले, फावडे उचलले आणि जमिनीवर एक वाकडातिकडा गोल ओढला. घरातल्या परातीपेक्षा जरासा मोठा.

"ताई, बाकी सगळीकडे लिंबं," ते म्हणाले. "पण हा गोल सोडायचा. इथं तळं."

"काका, एवढंसं?"

"चार पाय मावले की झालं."

"पण इथं पाणी टिकणार नाही हो. मी आत्ताच मोजलंय. सकाळी भरलंत तर दुपारी कोरडं."

"मग दुपारी पुन्हा भरीन. मी आहे की इथं, आता कुठं जातोय?"

माई नुसत्याच त्या गोलाकडे पाहत उभ्या राहिल्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मग, उगीच काहीतरी बोलायचे म्हणून, गोल फारच वाकडा झाला आहे असे म्हणाल्या.

"अहो, पण सिंचनाच्या आराखड्यात मी हे काय म्हणून दाखवू?" मुलीने विचारले. "साहेब विचारतील, एवढं पाणी रोज जातं कुठं?"

"सांग त्यांना, मुरतं," नाना म्हणाले आणि फावडे मारून त्यांनी पहिले ढेकूळ उपटले.